ठाण्यात घोडबंदर रोडला एवढ्या बिल्डिंगी वाढल्या, मग सगळी गर्दी एकाच रस्त्यावर का येते? जुन्या वस्तीच्या नौपाड्यात तर असं होत नाही.

कारण नवीन भागातले आतले रस्ते एकमेकांना जोडलेलेच नाहीत, कॉम्प्लेक्सचा रस्ता आत जाऊन संपतो, गेट एकच, त्यामुळे भिंतीपलीकडच्या मेडिकलमध्ये जायचं तरी मेन रोडला यावं लागतं. नौपाड्यात गोखले रोड तुंबला तर राम मारुती रोडने नाहीतर मधल्या गल्लीतून निघता येतं, तिथे चौकच चौक आहेत. आणि हे फक्त ठाण्याचं नाही हो, 2020 मध्ये जगभरच्या रस्त्यांच्या नकाशांवर अभ्यास झालाय, त्यात 1975 पासून बांधलेले रस्ते जगात बऱ्याच ठिकाणी कमी जोडलेले होत गेल्याचं दिसलं. अमेरिकेत मात्र 1990 च्या दशकात कळस गाठून हा प्रकार उतरणीला लागला, म्हणजे हे बदलता येतं, फक्त प्लॉट पडायच्या आधी, कारण बिल्डिंगी पाडून नव्या होतात पण रस्ता आहे तिथेच राहतो. एक मात्र आहे, घोडबंदरला एकीकडे येऊरचे डोंगर नि दुसरीकडे खाडी, समांतर रस्त्याला जागाच कमी, त्यामुळे सगळा दोष लेआउटवर टाकता येणार नाही. तरी दोन सोसायट्यांमध्ये नुसती पायवाट उघडली तरी शाळेत चालत जाणाऱ्या पोरांचा मेन रोडचा वळसा वाचेल.