बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट आणि सस्टेनेबिलिटी, यांचा काय संबंध?

तुम्ही विचारलंय की ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, तर सेफ्टीसाठी असतं, त्यात पर्यावरण कुठून आलं. मी बडोद्यात टेस्टिंगचंच काम करतो, तर आमच्याच सोसायटीचं सांगतो.

दांडिया बाजारच्या मागे आमची 1986 ची तीन मजली बिल्डिंग. पार्किंगमधल्या कॉलमचं प्लास्टर फुगलेलं, बाथरूमखालच्या स्लॅबच्या सळ्या दिसायला लागलेल्या. गुजरातेत 25 वर्षं जुन्या बिल्डिंगचं 75 टक्के लोकांच्या संमतीनं रीडेव्हलपमेंट करता येतं, त्यामुळे मीटिंगमध्ये अर्धे लोक पाडूनच टाका म्हणत होते. वरच्या मजल्यावरचे काका तर कॉलमवर मूठ आपटून म्हणाले, "आता काय राहिलंय यात!" मी म्हटलं काका, मूठ नको, हॅमर आणतो.

मग रीबाऊंड हॅमर (काँक्रीटवर ठोकून त्याचा कडकपणा बघायचा), अल्ट्रासोनिक (आवाजाच्या लहरी आरपार सोडून आतलं बघायचं) वगैरे झालं, पण खरी गंमत कोअरची, म्हणजे ड्रिलनं कापून काढलेल्या काँक्रीटच्या गोल तुकड्याची. कोअर कापून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन नावाचं केमिकल फवारलं की चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड जिथपर्यंत शिरलाय तिथपर्यंत रंगच येत नाही, तिथे सळीचं संरक्षण गेलं असं समजायचं. पार्किंगच्या कॉलमला बाहेरचा बोटाच्या पेराएवढा भाग कोरा, पार सळीपर्यंत. वरच्या मजल्यांवर मात्र जेमतेम नखाएवढा, बाकी भडक गुलाबी. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते, ते खाली सुरू झालेलं, वर नाही. काका कितीतरी वेळ तो वरचा कोअर हातात फिरवत बसले.

म्हणजे सहा कॉलमना जॅकेटिंग (बाहेरून नव्या सळ्या आणि काँक्रीटचा थर), बाथरूमच्या स्लॅबचं रिपेअर, एवढ्यावर भागलं आणि बाकीचं काँक्रीट जिथल्या तिथे राहिलं. आता हिशोब करा, पाडलं असतं तर तेवढं सिमेंट नव्यानं लागलं असतं, आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण 7-8 टक्के एकट्या सिमेंटचा, कारण भट्टी 1450 डिग्रीला न्यायची त्याचं इंधन वेगळंच आणि चुनखडी तापवली की तिच्यातूनच गॅस निघतो, तो सोलर लावून थांबत नाही. वरून मलब्याचे ट्रक, नवीन स्टील, रेती.

(बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा आर्किटेक्ट चार्ल्स मँट, त्याच्याबद्दल आमच्याकडे सांगतात ना, आपलं गणित चुकलं, पॅलेस पडणार, या धसक्यानंच तो गेला. पॅलेस 1890 ला पूर्ण झाला आणि अजून उभाय. बिचाऱ्याला कोणी नीट तपासून दिलं असतं तर.)

उलटंही होतं, म्हणजे जे टिकायला हवं तेच पडतं. पाद्र्याहून आणंदकडे जाणारा महीवरचा गंभीरा पूल 9 जुलै 2025 ला पडला, 1985 चा पूल, चाळीसच वर्षं. माणसं गेली हे सगळ्यात वाईट, त्याच्यापुढे डिझेलचा हिशोब काढायला जीभ रेटत नाही, पण तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, त्यानंतर गाड्यांना लांबचा फेरा पडला आणि नदीवर पूल पुन्हा पायापासून बांधायचा म्हणजे किती सिमेंट लागेल बघा.

आणि हो, प्रत्येक रिपोर्ट "बिल्डिंग वाचवाच" असा नसतो. मी स्वतः दोन ठिकाणी पाडा असं लिहून दिलंय, कारण तिथे रिपेअरचं मटेरियल ओतणं म्हणजे तेही वायाच.

आमच्याकडे कॉलम झाले, पण ज्या ड्रेनेज पाइपमुळे स्लॅब ओला राहायचा तो बदलायची वर्गणी अजून अडकलीय. काकांचीच.