लक्ष्याच्या पुण्यतिथीला हसावं का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर १६ डिसेंबरला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या फोटोला हार घालतो आणि मग पडद्यावर त्यांच्या सिनेमांतले विनोदी प्रसंग लावतो. यंदा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "पुण्यतिथीला खिदळणं शोभत नाही. दोन मिनिटं शांत उभे राहा आणि घरी जा." मुलं हिरमुसली आहेत. ताई, तुमचं काय मत?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : त्या काकांना माझा नमस्कार सांगा, पण मुलांना हसू द्या. ज्याने उभं आयुष्य लोकांना हसवण्यात घातलं, त्याच्या फोटोसमोर हसू दाबून बसायचं हे माझ्या मनाला पटत नाही. गेला तेव्हा तो अवघा ५० वर्षांचा होता. त्याचं दुःख आहेच, आणि ते हसतानाही असतं. 'अशी ही बनवाबनवी'तली पार्वती, म्हणजे साडी नेसलेला लक्ष्या, दिसली की मी खळखळून हसते आणि त्याच वेळी घशात काहीतरी दाटतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. आपण त्याचे तेच ते चार प्रसंग लावतो.

मी गिरगावची. लक्ष्मीकांतही इकडचाच. साहित्य संघात नोकरी करायचा आणि मिळेल ती छोटी भूमिका करायचा. १९८३मध्ये 'टूरटूर' आलं आणि त्याचं नाव झालं. मी ते नाटक भावाबरोबर पाहिलं. पडद्यावर तो धांदरट वाटायचा, पण रंगमंचावर त्याचं अंग तालात हलायचं. वाक्य कुठे तोडायचं आणि प्रेक्षकांचं हसू ओसरेपर्यंत किती थांबायचं, हे त्याला नेमकं कळत असे. हे शिकवून येत नाही. 'झपाटलेला'त तो बाहुल्यांचे खेळ करणारा झालाय. रामदास पाध्यांनी घडवलेल्या त्या बाहुल्याकडे तो ज्या डोळ्यांनी बघतो, ते बघा. समोर लाकूड आहे हे आपण विसरतो, कारण तो स्वतः विसरलेला असतो.

आणि 'एक होता विदूषक'. १९९२चा हा सिनेमा जब्बार पटेलांचा, पटकथा पु. ल. देशपांड्यांची. तमाशातल्या बाईचा मुलगा लोकांना हसवत हसवत सिनेमातला मोठा नट होतो आणि आतून रिकामा होत जातो. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थिएटरात मात्र तो चालला नाही. आम्हा चाहत्यांना लक्ष्या गंभीर नकोच होता. हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं. एवढा मोठा नट आपल्या हाताशी होता आणि आपण त्याला एकाच खोलीत कोंडून ठेवलं. तुमच्या मुलांपैकी कितींनी हा सिनेमा पाहिलाय, विचारून बघा. यंदा तोच लावा. पूर्ण लावा, तुकडे नकोत.

दुसरी विनंती. 'बनवाबनवी'तला शंतनू आठवतो? सिद्धार्थ रे. व्ही. शांतारामांचा नातू. तोही २००४मध्येच गेला, मार्च महिन्यात. एकाच वर्षात सिनेमातल्या त्या चार मित्रांमधले दोघे गेले, पण सिद्धार्थच्या फोटोला हार घातलेला मी कुठे पाहिला नाही. घरमालक झालेले सुधीर जोशी पुढच्या वर्षी गेले. 'टूरटूर'मधला विजय कदम २०२४मध्ये गेला. विनोद एकट्याने होत नाही. समोरचा चेंडू नीट टाकतो म्हणून दुसऱ्याला षटकार मारता येतो. त्या भिंतीवर या सगळ्यांचेही फोटो लावा ना.

हार घालायला एखाद्या पाहुण्याला बोलवायचं असेल, तर पुढारी नको. डोंबिवलीत नाट्यसंस्था आहेत, तिथे वर्षानुवर्षं पडदे ओढणारी, प्रकाशयोजना सांभाळणारी माणसं भेटतील. त्यांच्यापैकी कुणाला तरी बोलवा, खुर्ची द्या, बोलू द्या. विनोदी नाटकाच्या प्रयोगात विंगेतून काय दिसतं, हे मुलांना त्यांच्याइतकं छान कोण सांगणार?

काकांच्या दोन मिनिटांनाही जागा ठेवा, पण सिनेमा संपल्यावर. तेव्हा उभं राहायला कुणाला सांगावं लागणार नाही, असं मला वाटतं.

तिकीट नसलं तरी सिनेमा असा जाहीर दाखवायला हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागते, आणि ती मिळायला वेळ जातो. तेव्हा दिवाळीआधीच पत्र टाका.