ब्रिटनमध्ये चूक समोरच्याची असली तरी अपघात आपल्या इन्शुरन्स कंपनीला कळवावा लागतो का?

हो, कळवा. आणि रिन्यूअलची वाट बघू नका, आत्ताच कळवा.

तुम्ही लिहिलंय की गाडी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभी होती, रिव्हर्स घेताना एका बाईंनी दार चेपवलं, त्यांच्या इन्शुरन्सने दार बदलून दिलं आणि तुमच्या कंपनीची एक पेनीसुद्धा गेली नाही. मग प्रीमियम वाढवून घ्यायला आपणहून का सांगायचं? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे असली प्रकरणं रस्त्यातच मिटतात. थोडी बाचाबाची, बघे जमतात, हातावर काहीतरी टेकवलं की दोघंही आपापल्या वाटेने. इथे तसं करायला जाऊ नका.

तुमच्या पॉलिसीचं पुस्तक उघडून अटी वाचा. क्लेम करा किंवा करू नका, चूक कोणाचीही असो, अपघात कळवलाच पाहिजे, असं बहुतेक पॉलिस्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं. कंपनीला ही घाई का, तर इंग्लंड-वेल्समध्ये दुखापतीचा दावा लावायला साधारण 3 वर्षं मिळतात आणि वस्तूच्या नुकसानीसाठी 6. आज दहा वेळा सॉरी म्हणणारा माणूस चार महिन्यांनी ‘चूक तुमचीच होती, माझी मान आखडली’ म्हणून पत्र धाडू शकतो. तेव्हा कंपनीला पहिल्यांदा कळलं, तर तुमची बाजू मांडायला तिच्या हातात ना फोटो ना साक्षीदार. तुमची गाडी उभीच होती, त्यामुळे तुम्हाला हा धोका कमी. अट मात्र सगळ्यांना सारखी.

शिवाय लपवलं तरी ते लपत नाही. मोटर इन्शुरर्स ब्युरो या गाड्यांच्या विमा कंपन्यांच्या सामाईक संस्थेकडे ‘क्लेम्स अँड अंडररायटिंग एक्स्चेंज’ नावाची सामाईक नोंदवही आहे, सगळे तिला ‘क्यू’ म्हणतात. कंपन्या अपघातांच्या नोंदी तिथे टाकतात आणि कोटेशन देताना किंवा क्लेम आला की तिथेच बघतात. त्या बाईंच्या कंपनीने दुरुस्ती केली, म्हणजे तुमचा अपघात तिथे असणार असं धरून चाला. आपल्या नावावर काय नोंदलंय याची प्रत ब्युरोकडून फुकट मागवता येते. मागवाच, कारण त्यात चुकाही असतात.

आता प्रीमियमचं. वाढू शकतो. चूक नसताना का, याला कंपन्यांचं उत्तर असं की एकदा कोणी ठोकलेला ड्रायव्हर पुन्हा अपघातात सापडण्याची शक्यता त्यांच्या आकड्यांत जास्त दिसते. मला हे पटत नाही, पण त्यांना तशी मुभा आहे. माझ्या उभ्या गाडीला मागून एकाने ठोकलं, त्यानंतरच्या रिन्यूअलला मी तुलनेच्या वेबसाइटवर बघितलं: काही कंपन्यांनी भाव चढवला, काहींना त्याचं काहीच नव्हतं. म्हणजे सांगायचं सगळ्यांना, पॉलिसी घ्यायची त्यातल्या शहाण्या कंपनीची.

न सांगण्याची किंमत किती ते बघा. 2012 च्या ग्राहक विमा कायद्यानुसार पॉलिसी घेताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं नीट काळजी घेऊन द्यायची असतात. फॉर्मवर बहुधा ‘गेल्या 5 वर्षांतले अपघात, क्लेम, नुकसान, चूक कोणाचीही असो’ असं विचारतात. हलगर्जीने चुकीचं उत्तर दिलं आणि खरं कळल्यावर कंपनीने 600 पौंड प्रीमियम लावला असता, पण तुम्ही 500 भरले असतील, तर 3,000 च्या क्लेमवर ती 2,500 देऊन मोकळी होऊ शकते. खरं कळल्यावर तिने पॉलिसीच दिली नसती असं ठरलं, तर तेवढेही नाहीत. आणि जाणूनबुजून लपवलं असं सिद्ध झालं तर पॉलिसीच रद्दबातल, भरलेले पैसेही सहसा परत नाहीत. पुढे प्रत्येक फॉर्मवर ‘तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का’ हा प्रश्न भेटतो, तो वेगळाच.

फोन कराल तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगा: क्लेम करायचा नाही, फक्त माहितीसाठी नोंद करा. तारीख, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, बाईंच्या कंपनीचा क्लेम नंबर हाताशी ठेवा. गाडीत कोणी होतं का, कोणाला लागलं का, हे विचारतीलच. बोलता बोलता ‘तुम्हाला बदली गाडी मिळवून देतो, खर्च समोरच्याचा’ असं म्हणत कोणी दुसरीकडे फोन जोडायला लागलं, तर नको म्हणा. ती बहुतेकदा उधारीवर भाड्याची गाडी असते, दर चढे, आणि समोरच्या कंपनीने बिल नाकारलं तर करारावर सही तुमची. तुमचं दार तर बदलूनही झालंय. नंतर काय बोलणं झालं ते ईमेलने लेखी मागवा.

‘नॉन-फॉल्ट’ ही नोंद चूक कोणाची यावरून होत नाही, पैसे कोणाकडून वसूल झाले यावरून होते, हे मात्र लक्षात असू द्या. रात्री उभ्या गाडीला कोणी ठोकून पळालं आणि तुम्ही स्वतःच्या पॉलिसीवर दुरुस्ती केली, तर वसूल कोणाकडून करणार? तुमचा दोष शून्य असूनही तो ‘फॉल्ट’ क्लेम. तसंच वसुली पूर्ण होईपर्यंत क्लेम ‘ओपन’ राहतो आणि तेवढ्यात रिन्यूअल आलं तर नो क्लेम डिस्काउंट, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, तोही खाली येऊ शकतो. तुमचं बिल बाईंच्या कंपनीने थेट भरलंय, तेव्हा तुमच्याकडची नोंद ‘नॉन-फॉल्ट, क्लोज्ड’ अशी दिसायला हवी. वेगळं काही दिसलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. उत्तराला 8 आठवडे द्या, नाही पटलं तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा, तिथे आपल्याला फी नाही.

आणखी एक, हे बरेच जण विसरतात. तुम्ही जोडीदाराच्या गाडीवर ‘नेम्ड ड्रायव्हर’, म्हणजे त्यांच्या पॉलिसीत नाव घातलेला चालक, असाल, तर त्या पॉलिसीच्या रिन्यूअलला तुमच्या नावापुढेही हा अपघात लिहावा लागेल.