नागपुरात राहून चेनमेलचे दागिने करायला शिकायचे असतील तर कड्या आणि हत्यारं कोणती घ्यावीत?

चेनमेल म्हणजे धातूच्या छोट्या कड्या एकमेकींत अडकवून केलेली वीण. तुम्ही लिहिलंय की बिझंटाइन विणीचं, म्हणजे गाठीगाठींच्या जाड साखळीचं, ब्रेसलेट करायचं मनात आहे, पण ऑनलाइन कड्यांचे इतके प्रकार दिसतात की काय मागवावं कळत नाही. सोबत मिळणारं हत्यारांचं किट घ्यावं का आणि नागपुरात काय काय मिळेल, हेही विचारलंय. मी बरीच वर्षं हौसेनं हेच करतोय. माझं पहिलं सांगणं असं, की धातू, रंग, किट सगळं थोडं बाजूला ठेवा आणि आधी एक भागाकार शिका.

कडीच्या आतला व्यास भागिले तारेची जाडी. या आकड्यावर वीण बसते की नाही ते ठरतं. बिझंटाइनला तो साधारण ३.२ ते ३.६ हवा. त्याच्या बराच खाली गेलात तर शेवटच्या कड्या आत शिरतच नाहीत. ४ च्या जवळ गेलात तर साखळी ढिली पडते, गाठी एकमेकींवर टेकत नाहीत आणि नक्षी ओळखूच येत नाही. चिलखतात दिसते ती चारात-एक जाळी, म्हणजे प्रत्येक कडी चार कड्यांत अडकवलेली, ३.५ पासून ५ पर्यंत चालवून घेते. येन्स पिंड नावाची गोल, दोरासारखी वीण ३ च्या आसपासच बसते, आणि फुल पर्शियन या विणीला ५ च्या घरातली कडी लागते. म्हणून ‘चेनमेलसाठी चांगली कडी कोणती’ असं कुणालाच सांगता येत नाही. वीण आधी ठरवायची, कडी मागून.

बहुतेकांचे पैसे वाया जातात ते गेजमध्ये. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर. आपल्याकडे तार एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजनं विकतात, अमेरिकेतले विक्रेते आणि तिकडचे शिकवणारे बरेचदा एडब्ल्यूजी हे अमेरिकन गेज धरतात. दोन्हीकडे लिहिलेलं असतं ‘१८ गेज’. पण एसडब्ल्यूजी १८ म्हणजे १.२२ मिमी आणि एडब्ल्यूजी १८ म्हणजे १.०२ मिमी. आता ४ मिमी आतल्या व्यासाची कडी घ्या. पहिल्या तारेत भागाकार येतो जवळपास ३.३, म्हणजे बिझंटाइनला अगदी हवा तसा. दुसऱ्या तारेत येतो ३.९. तीच वीण, तोच कडीचा आकार, तेच कष्ट, आणि हातात येते लोंबणारी साखळी. गेज विसरा, विक्रेत्याला मिलिमीटर विचारा. सांगता येत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका. जाडी आणि व्यास मोजायला एक साधा डिजिटल व्हर्नियर घेऊन ठेवा. या छंदात पक्कडीच्याही आधी मी तोच घ्यायला सांगतो.

बर्डीवर किंवा इतवारीत मण्यांच्या दुकानांत ‘जंप रिंग’ म्हणून पुडीत मिळतात त्या कड्या या कामाच्या नाहीत. त्यांचा आकार बहुधा बाहेरचा व्यास म्हणून सांगतात. ०.७ मिमी तारेची ६ मिमीची कडी आतून ४.६ मिमीच भरते. भागाकार होतो साडेसहा. त्यात कुठलीच घट्ट वीण उभी राहत नाही. शिवाय तार इतकी बारीक की जरा ओढ बसली की तोंड उघडतं. झुमक्याला मणी अडकवायला त्या ठीक आहेत, तेवढंच त्यांचं काम.

कड्या विकतच घ्यायला हव्यात असंही नाही. तांब्याची तार मोटार वाइंडिंगवाल्यांकडे वजनावर मिळते. उन्हाळ्यात कूलरच्या मोटारी भरणारी दुकानं आपल्याकडे प्रत्येक वस्तीत आहेत. कूलरची तार फार बारीक असते, म्हणून मोठ्या पंपाच्या मोटारीसाठी ठेवलेली जाड तार मागा. तिच्यावर वार्निशसारखा थर असतो. तो पक्कडीनं खरवडला जातो आणि साखळी पट्ट्यापट्ट्यांची दिसते, म्हणून सरावाला ही तार उत्तम आणि दागिन्याला साधी उघडी तार घ्यावी.

गुंडाळायला आईच्या किंवा आजीच्या स्वेटर विणायच्या सुया काढा. आठ नंबरची सुई ४ मिमी असते, दहा नंबरची ३.२५ मिमी. स्टीलची सुई असेल तर चांगलं, ॲल्युमिनियमची वाकते. ४ मिमीच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडाही चालतो. तार गुंडाळून सोडली की ती थोडी उलगडते, त्यामुळे कडी सुईपेक्षा किंचित मोठी भरते. मऊ तांब्यात हा फरक थोडा, स्टीलमध्ये बराच. म्हणून सगळी तार गुंडाळण्याआधी पाच-सहा वेढे काढा, व्हर्नियरनं मोजा, भागाकार करा आणि मगच पुढं जा. १.२ मिमी तारेच्या, आतून ४ मिमीच्या कडीला साधारण १६ मिमी तार लागते, म्हणजे एका मीटरमध्ये साठेक कड्या.

कापायचं कसं, यावर दागिना बाजारू दिसतो की नीट, ते अवलंबून आहे. साध्या कटरनं तार चिमटली जाते आणि दोन्ही टोकं टोकदार होतात. ती कधीच पूर्ण टेकत नाहीत. फ्लश कटर एक बाजू सपाट कापतो, दुसरी तिरपी राहते. त्यामुळे प्रत्येक कडीला कटर उलटा धरून तिरपं टोक पुन्हा छाटावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण तांब्याला चालून जातं. सर्वात स्वच्छ तोंड सोनाराच्या बारीक करवतीनंच येतं. विकत घेणार असाल तर करवतीनं कापलेल्याच कड्या घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी. आणि कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच, तारेचे तुकडे कुठंही उडतात.

आता पक्कड. दोन लागतात, दोन्ही बिनदातांच्या. किट घेऊ नका. त्यात पाच-सहा हत्यारं असतात, त्यातली निम्मी या कामाला लागतच नाहीत आणि लागतात ती हलकी असतात. इतवारीत सराफा ओळीच्या आसपास सोनारकामाची हत्यारं मिळतात, तिथं जाऊन हातात धरून घ्या. एक सपाट तोंडाची, एक निमुळत्या तोंडाची. पक्कड मिटून उजेडाकडे धरा. टोकापर्यंत जबडे टेकले पाहिजेत, मधून उजेड दिसला तर दुसरी मागा. मग दोन्ही दांडे धरून आडवं हलवून बघा, खिळ्यापाशी लटलट असेल तर तीही परत द्या. दांडा तळहाताच्या मधोमध रुतू नये इतका लांब हवा, नाहीतर तासाभरात हात दुखून येतो. हार्डवेअरच्या दुकानातली दातांची पक्कड घरात असेल तर ती घरकामालाच राहू द्या. तांब्यावर एकदा दात उमटले की घासूनही जात नाहीत.

कडी मिटवणं ही या कलेतली सगळ्यात महत्त्वाची हालचाल आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लढाईच्या चिलखतात कड्यांची टोकं बारीक खिळ्यानं (रिव्हेटनं) ठोकून जोडलेली असायची. दागिन्यात आपण कडी नुसती मिटवतो, झाळत नाही. म्हणजे दागिन्याची सगळी ताकद दोन टोकं किती नेमकी टेकली आहेत यावर. कडीची फट वर, घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवा. डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक पक्कड, दोन्ही जबड्यांनी कडीचा जास्तीत जास्त भाग धरलेला. उघडताना एक टोक स्वतःकडे, दुसरं समोर. बाजूला फाकवायचं कधीही नाही, गोलाई गेली की ती परत येत नाही. मिटवताना उलट फिरवा, पण टोकं समोरासमोर आली की थांबू नका. दोन्ही हातांनी हलका दाब आतल्या बाजूला देत टोक दुसऱ्याच्या किंचित पलीकडे न्या, मग परत आणा. धातू थोडा मागे सरकतोच, तेवढं जास्त नेल्यानं तो नेमका जागेवर येऊन थांबतो. टोकं एकमेकांवर घासल्याचं बोटांना जाणवतं, कधी बारीक ‘टिक्’ असा आवाजही येतो. तो आला की कडी बसली. नखानं जोड चाचपा. झालेली साखळी जुन्या ओढणीवरून ओढून बघा. धागा अडकला तर कुठलं तरी तोंड उघडं आहे, ते शोधा.

धातूचं म्हणाल तर सुरुवात तांब्यानं करा. मऊ आहे, स्वस्तात मिळतं, हाताला वळण लागतं. नागपूरच्या मे महिन्यात घामानं तांबं लवकर काळं पडतं आणि मनगटावर हिरवट डाग येतो. तो धुतला की जातो, घाबरू नका. स्वच्छ करायला चिंचेचं किंवा लिंबू-मिठाचं पाणी घ्या, भांडी घासायची पूड नको. ती कड्यांच्या सांध्यात अडकून बसते. मग साध्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा.

कानातले किंवा मोठा हार करायचा असेल तेव्हा ॲल्युमिनियम, कारण वजन. वर सांगितलेल्या मापाच्या बिझंटाइन ब्रेसलेटला साधारण दोनशे कड्या लागतात. तांब्यात त्या ३३ ग्रॅमच्या आसपास भरतात, ॲल्युमिनियममध्ये १० ग्रॅम. साधं ॲल्युमिनियम नवीन असताना बोटांना काळं लावतं, आधी भांड्यांच्या साबणात खळखळून धुवा. रंगीत ॲनोडाइज्ड कड्या सुंदर दिसतात, पण रंग वरच्या थरातच असतो, म्हणून पक्कड घसरली की पांढरी रेघ. हात बसल्यावरच त्या घ्या. स्टील कडक असतं, बोटं दमवतं, पण आपल्या हवेत सर्वात टिकाऊ. ज्यांना खोट्या दागिन्यांनी कान सुजतात, त्यांच्यासाठी ‘जर्मन सिल्व्हर’ टाळा. त्यात चांदी नसतेच, तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि त्रास होतो तो निकेलचा. अशांना टायटॅनियम किंवा नायोबियम द्यावं. चांदी सगळ्यात शेवटी. शुद्ध चांदी इतकी मऊ की कड्या उघडतात, ९२५ चीच, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेली, तार घ्या. त्याच ब्रेसलेटला चांदी ३८-३९ ग्रॅम लागेल, हा हिशोब आधी करून सराफ्यात जा.

बिझंटाइनची सुरुवात अशी. दोन कड्या, त्यांत दोन, त्यांत आणखी दोन, अशी जोड्यांची साखळी करा. पहिल्या जोडीत तारेचा तुकडा अडकवून ठेवा, म्हणजे टोक हरवत नाही. आता तिसरी जोडी दोन्ही बाजूंना मागे दुमडा, दुसरी जोडी मधून फाकवा. दुमडलेल्या कड्या त्या फटीत दिसतील. नवीन जोडी त्यांच्यातून घाला आणि मिटवा. गाठ तयार झाली. पुढे पुन्हा दोन, त्यात दोन, आणि दुमडणं. पहिल्यांदा करताना तांब्यासोबत पितळेच्या कड्या घ्या आणि प्रत्येक तिसरी जोडी पितळेची लावा. कोणती जोडी दुमडायची ते रंगावरून लगेच कळतं.

लांबी ठरवताना मनगटाचं माप तसंच घेऊ नका. ही साखळी जाड असते, तिची जाडी आतून जागा खाते. या मापाला मनगटाच्या घेरापेक्षा साधारण २ सेंमी जास्त धरा, त्यात हूकसुद्धा आलं. हूक अडकवायची कडी मात्र बाकीच्यांपेक्षा जरा जाड तारेची घ्या. रोज ओढ बसते ती तिच्यावरच.