सामान घेतलं, पुढे काय?

प्रश्न: दादा, आम्ही कोथरूडची पाच पोरं. मागच्या पावसाळ्यात राजगडावरून उतरताना धुक्यात वाट चुकली, दोन तास नुसते गोल गोल फिरलो. आता चकमक, होकायंत्र, शिट्टी सगळं घेतलंय. अजून काय घ्यावं?

उत्तर: अरे, अजून काहीच घेऊ नका, आधी आहे ते वापरून तर बघा! जुलैत सह्याद्रीत कोरडं लाकूड मिळतं कुठे, त्यामुळे ती चकमक घरच्या गच्चीवर भर पावसात एकदा पेटवून बघा म्हणजे कळेल, मला पहिल्यांदा पाऊण तास लागला आणि बोटाला फोड आला तो वेगळाच. होकायंत्र घेऊन रविवारी वेताळ टेकडीवर जा, मोबाइल सॅकमध्ये, तिथे चुकलात तरी कुठल्यातरी रस्त्यावरच उतराल.

शिट्टी पाचही जणांच्या गळ्यात हवी, सॅकच्या तळाशी नाही. मदत हवी असेल तर मिनिटात ६ वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत ६. ऐकणारा ३ वेळा वाजवून उत्तर देतो, हेही पाठ करा.

आणि ते गोल गोल फिरणं, तीच खरी चूक. धुक्यात वाट हरवली की थांबायचं, आडोसा बघायचा, ओला कॉटनचा टीशर्ट काढून कोरडा घालायचा (प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेलेला असेल तर!), नाहीतर वाऱ्यात हुडहुडी भरते. रेंज असेल तर मदतीसाठी ११२ लावा. राजगडावरून उतरणार पाली दरवाजाने की चोर दरवाजाने, ते निघतानाच आईला सांगून ठेवा.