फाटलेल्या पत्रांना जपानी कागद: कोणता आणि कसा लावायचा

आजोबांची १९४०च्या सुमाराची पत्रं घड्यांवर फाटत चालली आहेत, सेलोटेप लावू की जपानी कागद, असं तुम्ही विचारलंत. सेलोटेप अजिबात नको. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, मग तो डाग हटत नाही. स्टेशनरीच्या दुकानात नक्षीदार ‘वाशी टेप’ मिळते, तीही नको. तिलाही मागे गोंदच असतो. तुम्हाला हवा तो बिनगोंदाचा, कोझोचा वाशी, म्हणजेच जपानी कागद.

कोझो हे तुतीच्या कुळातलं झुडूप. त्याच्या फांद्यांची आतली साल शिजवतात, पाण्यात ठेवून तिच्यातला एकेक काळा कण हाताने वेचतात आणि मग ती बडवून धागे सुटे करतात. त्यामुळे धागे सेंटिमीटरभर लांब राहतात. लाकडाच्या लगद्यातले जेमतेम १ ते ३ मिलिमीटरचे असतात. टाकीतल्या पाण्यात तोरोरो-आओई या भेंडीच्या भाऊबंदाच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. त्याने धाग्यांच्या गाठी होत नाहीत, पाणी चाळणीतून सावकाश निथळतं आणि कारागिराला थरावर थर चढवता येतो. उन्हाळ्यात हा रस लवकर पातळ होतो, म्हणून कागद करायचा खरा हंगाम हिवाळा. इतकी मेहनत असते म्हणूनच हा कागद पातळ असून चिवट असतो, आणि मला त्याचं फार अप्रूप आहे. जपानच्या कोची प्रांतातला तेंगुजो कागद तर इतका विरळ की अक्षरांवर लावला तरी मजकूर वाचता येतो.

तुम्ही चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅमचा घ्या. पट्टी कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढा आणि हलकेच ओढून फाडा. कडेला केसांसारखे धागे सुटतात. तेच पत्राच्या कागदाला धरून ठेवतात आणि कड टोचत नाही. पट्टी पत्रापेक्षा कमजोर असावी. पुढे ताण आला तर पट्टी फाटू दे, पत्र नको.

चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतो, स्टार्च म्हणजे तोच. फक्त घरचा आंबवलेला नको, शुद्ध विकत घ्या. शिजवून गाळा आणि अगदी पातळ लावा. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते कटाक्षाने टाळा. तांब्याने कागद लवकर खराब होतो. खळ ओली केली की पट्टी पुन्हा सुटते, हा तिचा सर्वात मोठा गुण.

पट्टी मागच्या बाजूने लावा. वर-खाली पॉलिएस्टरचं कापड, त्यावर टिपकागद आणि सपाट वजन ठेवा. टिपकागद ओला झाला की बदला.

पण त्याआधी शाई तपासा. एखाद्या अक्षराच्या टोकाला थेंबभर पाणी लावून टिपकागद दाबा. रंग उतरला तर थांबा. फाउंटन पेनच्या शाया बऱ्याचदा पसरतात. अशा पत्रांना, किंवा आधीच सेलोटेप लागलेल्या पानांना, घरी हात लावू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.