शेवटच्या रात्री पब ठेवू नका (साउथ ऑक्सफर्ड कॅनॉल, आई-बाबांना घेऊन)

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. २०१२ साली ऑफिसच्या मित्रांबरोबर साउथ ऑक्सफर्ड या इंग्लंडमधल्या कालव्यावर नॅरोबोट (अरुंद, लांबट, आत राहता येणारी भाड्याची बोट) घेऊन गेलात, आता ऑगस्टमध्ये आई-बाबा येतायत तर त्यांना घेऊन तोच रूट, तेच पब, आणि शेवटच्या रात्री नॅप्टन गावी पबमध्ये जेवून शनिवारी सकाळी नऊला बोट परत. "पब काय पळून जातोय थोडाच" असं लिहिलंय तुम्ही. अगदी हाच प्लॅन, याच शब्दांत, मी २०२२ ला केला होता म्हणून हे लांबलचक लिहितोय. बोट कशी चालवायची, लॉक (दोन गेटांमधली पाण्याची टाकी, तिच्यातून बोट वर-खाली करतात) कसं भरायचं हे तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरत नाही.

आधी सांगतो की मी काही एक्सपर्ट नाही, कॉव्हेंट्रीत राहतो, २००८ पासून पाच वेळा गेलोय, त्यातले चार वेळा याच पट्ट्यात. बोटीवर कायम राहणारे लोक माझ्यावर हसतील.

पबचं म्हणाल तर पब पळून जातात. २००८ ला आम्ही ज्या एका पबमध्ये पावसात भिजून शिरलो होतो आणि मालकीणबाईंनी न विचारता शेकोटीपाशी खुर्च्या सरकवून दिल्या होत्या, तिथे २०१५ ला गेलो तर खिडक्यांना पडदे आणि दारात लहान मुलाची तीनचाकी सायकल. घर झालं होतं त्याचं. आणि जे टिकलेत त्यांची पाटी तीच पण माणूस वेगळा असतो, खरं तर पब म्हणजे तो चालवणारा माणूस, तो गेला की पाय (म्हणजे pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) पण वेगळा, बिअर पण वेगळी आणि कुत्रं पण वेगळं. पूर्वी कार्पेटला सिगारेटचा जुना वास यायचा, बंदी २००७ लाच आली होती पण वास काही लगेच गेला नाही. कॅश लागायची. आता कोविडनंतर टेबलावर क्यूआर कोड आहे. तक्रार नाही म्हणा, व्हेज लोकांचं भलंच झालंय, २००८ ला बायकोने सात दिवसांत पाच वेळा जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा) खाल्ला होता. आता तीन-चार तरी ऑप्शन मिळतात. फक्त बऱ्याच ठिकाणी सोमवार-मंगळवार किचन बंद, आणि आठ-साडेआठला शेवटची ऑर्डर. आपल्याकडच्यासारखं नऊला जाऊ म्हटलं तर चिप्सचं पाकीट मिळेल.

बरं, आता मूळ गोष्ट.

बाबा पंच्याहत्तर वर्षांचे झाले म्हणून त्यांना आणि आईला आणलं होतं. बाबा सांगलीकडचे, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झाले, त्यामुळे कॅनॉल म्हटल्यावर इतके खूश की पहिल्या दिवसापासून प्रत्येक लॉकच्या गेटमधून किती गळती आहे ते बघत बसायचे. आईला पब म्हणजे गुत्ता वाटत होता, पण दुसऱ्याच दिवशी ती बारपाशी झोपलेल्या कुत्र्याशी मराठीत बोलायला लागली. सगळा आठवडा मी त्यांना एकच सांगत होतो की थांबा, शुक्रवारी तुम्हाला खरा पब दाखवतो. नॅप्टनच्या सगळ्यात खालच्या लॉकपाशी द फॉली आहे, वर टेकडीवर पवनचक्की दिसते, तिथेच २००८ ला आम्ही चौघं मित्र पहिल्यांदा 'हे जमतंय आपल्याला' असं म्हणालो होतो, २०११ आणि २०१५ ला पण तिथेच मुक्काम. सातचं टेबल, पाच जण, बुक केलेलं. इथपर्यंत मी हुशारच होतो.

२०२२ चं ते वर्ष आठवतंय ना? जुलैमध्ये लिंकनशरमध्ये पारा चाळीसच्या वर गेला होता आणि ऑगस्टमध्ये बऱ्याच भागांत दुष्काळ जाहीर झाला. आता ऑक्सफर्ड कॅनॉलचा हा मधला भाग म्हणजे समिट, क्लेडनची पाच लॉक चढून वर आलात की मार्स्टन डोल्सपर्यंत अकराएक मैल एकही लॉक नाही, वळणं घेत घेत जातो, कावळा सरळ उडाला तर निम्म्याहून कमी अंतर. हा सगळ्यात उंच तुकडा, त्यामुळे कुठल्याही बाजूला एक बोट खाली उतरली की लॉकभर पाणी, म्हणजे अंदाजे लाखभर लिटर, समिटमधून जातं आणि वरून भरायला मुख्यतः तलाव. तलाव खाली गेले की कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट (कालवे सांभाळणारी संस्था) लॉकना वेळा लावतं. सकाळी दहाला उघडणार, तीनला शेवटची बोट आत, मग साखळी आणि कुलूप.

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत असायला हवं होतं. निघायच्या दोन आठवडे आधी मी बोट भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात फोन करून विचारलं होतं की रूट उघडा आहे का. "सगळं उघडं आहे." नाव लिहीत नाही, उगाच कशाला. तांत्रिकदृष्ट्या खरंच उघडं होतं की! बोट ताब्यात देताना त्या मुलाने वीस मिनिटं टॉयलेटची टाकी आणि गॅसबद्दल सांगितलं, वेळांबद्दल चकार शब्द नाही. आणि गंमत म्हणजे बोटीतल्या फायलीत, टॉयलेटच्या सूचनांच्या मागे, तीन आठवड्यांपूर्वीची छापील नोटीस लावलेली होती, ती मला शुक्रवारी रात्री सापडली.

पण माझी चूक त्याहून मोठी आहे, ती कबूल करतो. जाताना नॅप्टनची लॉक दुपारी चढलो तेव्हा गेटच्या दांड्याला लॅमिनेट केलेला कागद बांधलेला होता. मी वाचला नाही, कारण चौथी वेळ होती ना माझी! आणि गुरुवारी क्लेडनला एक व्हॉलंटियर आजोबा म्हणाले की तीनच्या आत आलात, बरं झालं. मी हसून थँक्यू म्हटलं. मला वाटलं तिथल्यापुरतंच असेल. बाबांनी विचारलं पण होतं की काय म्हणाला तो, तर मी म्हटलं काही नाही, असंच.

गुरुवारी रात्री फेनी कॉम्प्टनला थांबलो. शुक्रवारी आईने थालीपिठं लावली, निवांत जेवून एकला निघालो, घाई कशाला, टेबल सातचं. सवाचारला मार्स्टन डोल्सच्या वरच्या लॉकला पोचलो तर कुलूप. फॉली तिथून नऊ लॉक खाली, टोपाथने (कालव्याकाठच्या पायवाटेने) दोनेक मैल. बाबांचा गुडघा अर्ध्या मैलाचा.

कंपनीला फोन लावला. उत्तर असं की लॉक आमच्या ताब्यात नाहीत, तुम्ही नऊपर्यंत परत या. मी म्हटलं दहाला कुलूप उघडणार आहे, आणि तिथून बेस (बोट परत करायची जागा) अजून सात-आठ मैल, नऊला कसा येऊ? "ते तुम्ही बघा." शनिवारी सकाळी परत केला तर म्हणे निरोप देते. दंड तासावर आहे का दिवसावर, एवढं तरी सांगा म्हटलं, तर मॅनेजर ठरवतील. तिसऱ्यांदा कोणी उचललाच नाही. मी मराठीत जे काही बोललो ते आईने ऐकलं, ते सोडा.

बाबा मात्र शांत. कुलूप हलवून बघितलं, पाण्याची पातळी बघितली आणि म्हणाले, "पाळी संपली की गेट बंद, बरोबरच आहे. उन्हाळी आवर्तनात कुणी शेतकरी उशिरा आला तर मी काय गेट उघडायचो का? तू चौकशी करायला पाहिजे होतीस." आयुष्यभर दुसऱ्या बाजूला उभा राहिलेला माणूस, काय बोलणार.

पबवाल्यांचा मात्र काही दोष नाही, उलट फोनवरची मुलगी म्हणाली या महिन्यात रोजच कुणीतरी वर अडकतंय. मी आणि पोरगा चालत गेलो, मश्रूम पाय वगैरे बांधून घेतलं, परत येईपर्यंत अंधार पडला, मोबाइलच्या उजेडात टोपाथवर ठेचकाळत, तोवर तो मश्रूम पाय गार. आईने तो तव्यावर झाकण ठेवून गरम केला. बाबा म्हणाले पिठलं जास्त चांगलं लागलं असतं.

शनिवारी दहाला कुलूप निघालं, आमच्या पुढे तीन बोटी, एक वर एक खाली असं करत. दीड वाजता शेवटच्या लॉकमधून बाहेर पडलो आणि डाव्या-उजव्याला काय आहे ते न बघता मी थ्रॉटल पुढे केला, कारण डोक्यात दंडाचं मीटर चालू होतं. लंचची वेळ, बाहेरच्या बाकांवर लोक बसलेले, बांधायला जागासुद्धा होती. बाबा पुढे बसले होते. मागे वळून म्हणाले, "हेच का रे ते?" मी म्हटलं हो. म्हणाले, "छान आहे."

चारला बेसवर पोचलो. दंड पूर्ण दिवसाचा होता. दीडशे पाउंड, डिपॉझिटमधून, फॉर्मवर आधीच लिहून ठेवलेले. म्हणजे मी तिथे तासभर थांबलो असतो, दोन तास थांबलो असतो तरी तेवढेच. हे त्या बाईंनी सकाळी साडेआठला एका वाक्यात सांगितलं असतं तर! पैशाचं काही नाही हो. त्यानंतर बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं, आता ते सांगलीहून पुण्यालासुद्धा यायला नको म्हणतात.

तेव्हा माझं मत, चुकीचं वाटलं तर सोडून द्या. ज्या पबसाठी तुम्ही जाताय तो पहिल्या नाहीतर दुसऱ्या रात्री ठेवा. तुमचा बेस ब्रॉन्स्टनकडे असेल तर नॅप्टन तसंही जाताना लागतं, पहिल्याच संध्याकाळी पोचाल, मधे एकही लॉक नाही. जेवा, सकाळी लॉक चढा. शेवटच्या रात्री बेसपासून तासाभराच्या अंतरावर कुठेही बोट बांधा आणि खिचडी करा. कंपनीला विचारू नका, ट्रस्टच्या साइटवर त्या कॅनॉलच्या नोटिसांसाठी ईमेल लावून ठेवा, फुकट आहे, आणि "उघडं आहे का" असं न बघता "किती ते किती" हे बघा. २०२५ च्या उन्हाळ्यात तर पाण्याअभावी कितीतरी कॅनॉल चक्क बंदच होते, तेव्हा ऑगस्टला काय होईल सांगता येत नाही. उशिराचा दंड कसा लावतात ते सही करायच्या आधी विचारून घ्या. आणि लॉकवरचा प्रत्येक कागद वाचा, अगदी मासेमारीचा असला तरी.

प्रवासाच्या वेळेचा हिशोब म्हणजे मैल आणि लॉक यांची बेरीज, तिला भागिले तीन, तेवढे तास. काही जण चारने भागतात, त्यांच्याबरोबर आई-बाबा नसतात.

अजून एक, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास याच कालव्यावरच्या क्रॉप्रेडी गावी फेअरपोर्ट या बँडवाल्यांचा म्युझिक फेस्टिव्हल असतो, त्या दिवसांत तिथे बोट बांधायला जागा मिळेल ही आशा सोडा. एरवी गाव फार सुंदर आहे, तिथे रेड लायन पबला जा. आई-वडील शुद्ध शाकाहारी असतील तर चिप्स कशात तळलेत ते विचारा, काही ठिकाणी मासे त्याच तेलात असतात, काही ठिकाणी बीफची चरबी. यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतं, माझ्या आईने दोन खाल्ल्यावर आम्हाला कळलं, तिला अजून सांगितलेलं नाही.

नॅप्टनच्या लॉकशेजारी एका शेतात म्हशी आहेत, खऱ्याखुऱ्या, आपल्या म्हशींसारख्या काळ्या. बाबांनी त्यांचाच सगळ्यात जास्त वेळ फोटो काढला. वडिलांना आधी सांगू नका, तिथे पोचल्यावर दाखवा. तुमच्या तारखा कळवा, माझ्याकडे कुठल्या दिवशी कुठे किती वेळ लागला त्याची वही आहे, फोटो काढून पाठवतो.